लघवी निसटणं, अंग खाली येणं: पेल्विक फ्लोअरच्या तक्रारींवर नेमकं काय करायचं

खोकला आला की मांड्या आवळून धरायच्या, प्रवासाला निघण्याआधी पाणी प्यायचं नाही, कपडे गडद रंगाचेच निवडायचे. अशा युक्त्यांवर कित्येकजणी वर्षानुवर्षं दिवस काढतात आणि डॉक्टरांकडे गेल्या तरी हे एक सोडून बाकी सगळं सांगतात. अमेरिकेत २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रीय पाहणीत जवळपास २४ टक्के स्त्रियांना लघवी निसटणं, शौच निसटणं किंवा अंग खाली येणं यांपैकी किमान एक त्रास होता. म्हणजे साधारण चौघींत एक. इतकं सर्रास आढळतं म्हणून ते वयाच्या नावावर सोसायचं, हे मला मुळीच पटत नाही. यातल्या बहुतेक तक्रारींवर आज चांगले, तपासून पाहिलेले उपचार आहेत.

ज्या धीर करून बोलतात त्यांना पुष्कळदा एका ओळीचा सल्ला मिळतो: ‘किगलचे व्यायाम करा’, म्हणजे खालचे स्नायू आवळायचे आणि सोडायचे. हा सल्ला अर्धाच आहे. निसटण्याचे प्रकार वेगळे, कारणं वेगळी, आणि एकीला ज्या व्यायामाने आराम पडतो त्यानेच दुसरीचं दुखणं वाढू शकतं. त्यामुळे आधी आपला त्रास ओळखायचा आणि मगच उपाय सुरू करायचा.

आत काय असतं

पुढे जांघेमधलं हाड, मागे माकडहाड आणि त्यांच्यामध्ये ताणून बांधलेली स्नायूंची झोळी. हीच पेल्विक फ्लोअर, म्हणजे ओटीपोटाचा तळ. मूत्राशय, गर्भाशय आणि मलाशय या झोळीच्या आधाराने राहतात. मूत्रमार्ग, योनी आणि गुदमार्ग तिच्यातूनच बाहेर येतात. त्यामुळे या स्नायूंना एकाच वेळी दोन कामं जमावी लागतात: वेळेवर आवळणं आणि वेळेवर सैल सुटणं. दुसरं काम आपण विसरतो, त्याबद्दल पुढे येईलच.

झोळी सैल पडण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे योनीमार्गे बाळंतपण. अमेरिकन संशोधक जॉन डिलॅन्सी यांच्या गटाने २००३ मध्ये १६० स्त्रियांचे पहिल्या बाळंतपणानंतर एमआरआय काढले. त्यांतल्या ३२ जणींच्या, म्हणजे २० टक्के स्त्रियांच्या या स्नायूत इजा दिसली. मूल न झालेल्या स्त्रियांमध्ये ती एकीतही दिसली नाही. चिमटा लावून झालेल्या बाळंतपणात ही जोखीम आणखी वाढते. ‘तुझे स्नायू ढिले, तू व्यायाम केला नाहीस’ असं कुणी ऐकवलं असेल, तर हे आकडे लक्षात ठेवा. हाडापासून सुटलेला स्नायू व्यायामाने परत चिकटत नाही. उरलेले स्नायू मात्र बळकट होतात आणि बऱ्याचजणींना तेवढं पुरतं.

बाळंतपणाखेरीज पाळी जाणं, जुना खोकला, कायमची बद्धकोष्ठता, जास्त वजन आणि घराण्यातून आलेली नाजूक ऊती, यांचाही हातभार असतो. मूल न झालेल्या, तरुण, खेळाडू मुलींनाही उड्या मारताना लघवी निसटते. त्याही हा लेख वाचू शकतात.

पहिली पायरी: थांबायचं नाही अशी लक्षणं

घरचे उपाय सुरू करण्याआधी एवढं तपासा. लघवीतून रक्त जाणं, पाळी गेल्यावर पुन्हा रक्तस्राव, लघवी अजिबात न होणं, बाहेर आलेला गोळा आत न जाणं किंवा त्यावर जखम होणं, लघवीच्या जळजळीबरोबर थंडी-ताप. यांपैकी काहीही असेल तर आधी डॉक्टर. पाठ दुखून मांड्यांच्या आतल्या, बसण्याच्या भागात बधिरपणा आला आणि लघवी-शौचावरचा ताबा गेला, तर त्याच क्षणी रुग्णालय गाठा. मणक्यातल्या नसा दबल्याची ती खूण आहे. बाळंतपण किंवा शस्त्रक्रियेनंतर रात्रंदिवस, कुठल्याही हालचालीविना लघवी झिरपत राहिली, तर मूत्राशय आणि योनी यांच्यात भोक पडलेलं असू शकतं. त्यावर व्यायामाचा उपयोग नाही, ते बहुतेकदा शस्त्रक्रियेनेच बंद करावं लागतं.

दुसरी पायरी: तीन दिवसांची नोंदवही

माझ्या मते सगळ्या उपचारांत सर्वात दुर्लक्षित आणि सर्वात उपयोगी गोष्ट हीच. एक मोजपात्र, एक वही आणि नेहमीसारखे तीन दिवस. प्रत्येक वेळी लिहायचं: किती वाजता, किती मिलिलिटर लघवी झाली, काय आणि किती प्यायलं, निसटली का, आणि निसटताना नेमकं काय चाललं होतं.

तीन दिवसांनी वही बोलू लागते. लघवीला दर वेळी २५० ते ४०० मिलिलिटर होते, पण खोकताना, शिंकताना, वजन उचलताना निसटते, तर तो दाबाचा प्रकार. मूत्रमार्गाचा आधार कमी पडतो आहे. दर तासाला धावावं लागतं, होते मात्र ८०-१०० मिलिलिटर, आणि दाराचं कुलूप उघडताना किंवा नळाचा आवाज ऐकून निसटते, तर तो घाईचा प्रकार. मूत्राशय भरण्याआधीच आकुंचन पावतं आहे. दोन्ही असतील तर मिश्र. दिवसभराची एकूण लघवी तीन लिटरच्या पुढे जात असेल तर दोष तळाच्या स्नायूंचा नसून पिण्याच्या प्रमाणाचा किंवा मधुमेहाचा असू शकतो, तेव्हा रक्तातली साखर तपासून घ्या. रात्रीचीच लघवी जास्त असेल तर पायांवर सूज येते का, संध्याकाळनंतर किती पिता, आणि झोपेत घोरता का, हेही डॉक्टरांना सांगा.

अंग खाली येण्याची ओळख वेगळी. खाली काहीतरी जड लोंबतंय, चेंडूवर बसल्यासारखं वाटतंय, सकाळी बरं आणि संध्याकाळी जास्त, आडवं झालं की कमी. योनीची पुढची भिंत उतरली की लघवी पूर्ण झाल्यासारखी वाटत नाही. मागची उतरली की शौच अडकतं आणि काहीजणींना योनीत बोट घालून मागे दाबावं लागतं. हे करणाऱ्या प्रत्येकीला वाटतं की जगात आपण एकट्याच. तसं नाही, डॉक्टरांना ही खूण नेहमीची आहे आणि निदानात तिची मदत होते.

वही घेऊन डॉक्टरांकडे गेलात की लघवीची तपासणी, लघवीनंतर मूत्राशयात किती उरते याची सोनोग्राफी आणि खोकायला सांगून केलेली योनीची तपासणी, एवढ्यावर बहुतेकींचं भागतं. मूत्राशयाचा दाब मोजणारी नळीची तपासणी प्रत्येकीला लागत नाही. निव्वळ दाबाच्या प्रकारासाठी शस्त्रक्रिया करायची असलेल्या ६३० स्त्रियांवर २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, ही तपासणी केलेल्या आणि न केलेल्या गटांचे निकाल सारखेच निघाले: एका वर्षाने सुमारे ७७ टक्के यश. मिश्र त्रास असेल, आधी शस्त्रक्रिया झाली असेल किंवा लघवी उरत असेल, तर मात्र तिचा उपयोग होतो.

तिसरी पायरी: व्यायाम, पण बरोबर

अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नल्ड किगल यांनी १९४८ मध्ये हे व्यायाम मांडले. एक गोष्ट पुढे हरवली. किगल नुसतं तोंडी सांगत नव्हते, योनीत ठेवायचं दाबमापक यंत्र देऊन स्त्रीला स्वतःचं आवळणं ‘दिसू’ देत होते. ते का गरजेचं होतं, हे १९९१ मधल्या एका छोट्या अभ्यासातून कळतं. ४७ स्त्रियांना फक्त तोंडी सूचना दिल्या, तर साधारण निम्म्याजणींनाच नीट आवळता आलं. २५ टक्के तर अशा रीतीने जोर लावत होत्या की त्याने लघवी निसटणं वाढावं. म्हणजे वर खेचायचं सोडून खाली ढकलत होत्या.

म्हणून आधी खात्री करा. पाठीवर झोपा, गुडघे वाकवा, पाय टेकवा. चारचौघांत वायू सरणार आहे आणि तो अडवायचाय, अशी कल्पना करून मागचं द्वार आवळा. मग तेच आवळणं पुढे, लघवीच्या जागेपर्यंत आणा आणि सगळं आत, वर उचला. हातात आरसा धरलात तर योनी आणि गुदद्वार यांच्यामधली जागा आत ओढली जाताना दिसली पाहिजे. ती फुगत असेल तर तुम्ही कुंथताय, थांबा. योनीत स्वच्छ बोट घातलं तर ते चहूबाजूंनी धरून वर ओढल्यासारखं वाटेल. ढुंगण, मांड्या सैल हव्यात आणि श्वास चालू हवा. आवळताना बोलता येत नसेल तर श्वास रोखला गेलाय. लघवी करताना मधेच धार तोडून सराव करू नका, त्याने मूत्राशय नीट रिकामं होत नाही.

जमलं की हिशोब सोपा. जेवढे सेकंद धरता येतं तेवढेच धरा, सुरुवातीला ते तीनच असतील. तेवढाच वेळ पूर्ण सैल सोडा. एका वेळी किमान ८ वेळा, दिवसातून ३ वेळा, असं प्रमाण ब्रिटनच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत दिलेलं आहे. हळूहळू ८ ते १० सेकंदांपर्यंत जा. प्रत्येक फेरीच्या शेवटी चार-पाच झटपट आवळणी घाला. पडून जमलं की बसून, मग उभ्याने. आणि निदान तीन महिने. तीन आठवड्यांत ‘फरक नाही’ म्हणून सोडून देणाऱ्या फार असतात, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण स्नायू वाढायला तेवढा वेळ लागतोच.

फळ किती मिळतं? अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या २०१८ च्या कॉक्रेन आढाव्यात दाबाचा प्रकार असलेल्या स्त्रियांपैकी व्यायाम करणाऱ्या ५६ टक्के स्त्रियांनी ‘बरं झालं’ असं सांगितलं. काहीच न करणाऱ्या किंवा निष्क्रिय उपचार घेणाऱ्या गटात हे प्रमाण ६ टक्के होतं. अंग खाली येण्यावरही २०१४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या चाचणीत, ४४७ स्त्रियांपैकी फिजिओथेरपिस्टकडून वैयक्तिक शिकवणी मिळालेल्यांचा त्रास वर्षभरानंतर कमी होता. आवळणं नीट होतंय का ते दाखवणाऱ्या महागड्या बायोफीडबॅक यंत्राची गरज आहे का, हा प्रश्न २०२० मध्ये ६०० स्त्रियांवरच्या चाचणीने सोडवला: नीट शिकवलेल्या व्यायामाला यंत्राची जोड दिल्याने दोन वर्षांनंतर जास्तीचा फायदा दिसला नाही. पैसे आणि वेळ द्यायचा असेल तर पेल्विक फ्लोअरचं काम जाणणाऱ्या फिजिओथेरपिस्टला द्या, यंत्राला नको.

व्यायामासोबत एक युक्ती शिकाच: खोकला, शिंक किंवा वजन उचलणं येतंय असं वाटताच आधी आवळायचं, मग खोकायचं. १९९८ मधल्या एका लहान चाचणीत एका आठवड्याच्या सरावानंतर मध्यम जोराच्या खोकल्याने होणारी गळती सरासरी ९८ टक्क्यांनी आणि जोरदार खोकल्याने होणारी ७३ टक्क्यांनी घटली. स्नायू एका आठवड्यात बळकट होत नाहीत, फक्त वेळ साधायला शिकतात. कोरडं राहण्यासाठी काहीवेळा तेवढं पुरे होतं.

ज्यांनी आवळायचं नाही

संभोगात किंवा तपासणीच्या वेळी तीव्र दुखतं, लघवीची धार सुरू व्हायला वेळ लागतो, शौचाला बसलं की द्वार उघडतच नाही, ओटीपोट सतत ओढल्यासारखं राहतं. अशा वेळी स्नायू ढिले नसून कायम ताठ असण्याची शक्यता मोठी. मूठ सतत वळलेली ठेवली तर तिने काही पकडताही येत नाही, तसंच. अशा स्त्रीला लघवी निसटत असली तरी किगल सुरू करू नये. पोट फुगेल असा खोल श्वास घ्यायचा आणि श्वास आत जाताना तळ खाली, सैल सुटतोय हे अनुभवायचं. रोज पाच-दहा मिनिटं. गुडघे छातीशी घेऊन पडणंही आराम देतं. पुढचं काम फिजिओथेरपिस्टच्या हातचं: आतून ताठ गाठी सोडवणं. ते अर्थातच तुमच्या संमतीने, आणि दुखलं तर ‘थांबा’ म्हणायचा हक्क तुमचा.

चौथी पायरी: मूत्राशयाला शिकवणं

घाईच्या प्रकारात मूत्राशयाला वाईट सवय लागलेली असते. ‘असू दे, जाऊन येऊ’ असं करत आपणच ती पक्की करतो. नोंदवहीतलं दोन खेपांमधलं नेहमीचं अंतर काढा. समजा ते एक तास आहे. या आठवड्यात सव्वा तास, पुढच्या आठवड्यात दीड. घाई आली की पळू नका, पळताना पोटावर दाब येतो आणि निसटतंच. जागीच थांबा किंवा बसा, पाच-सहा वेळा झटपट आवळा, मनात उलटे आकडे मोजा. लाट ओसरली की शांतपणे चालत जा. हे कमीत कमी सहा आठवडे करायचं आहे. चहा-कॉफी कमी करून बघा, पाणी मात्र तोडू नका. दाट लघवी मूत्राशयाला आणखी डिवचते.

इतकं करूनही घाई राहिली तर औषधं. जुन्या गटातल्या गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठता होते, आणि वयस्कर स्त्रियांमध्ये दीर्घकाळ घेतल्यास स्मरणशक्तीच्या ऱ्हासाशी त्यांचा संबंध आढळला आहे. म्हणून सत्तरीच्या स्त्रीला ही गोळी लिहून दिली तर मिराबेग्रॉनसारखा दुसरा पर्याय चालेल का, ते विचारा. रक्तदाब जास्त असेल तर तेही सांगा. पुढची पायरी मूत्राशयात बोटॉक्सचं इंजेक्शन. २०१२ च्या चाचणीत गोळ्या आणि बोटॉक्स यांनी गळतीच्या वेळा जवळजवळ सारख्याच कमी झाल्या, पण पूर्ण कोरड्या राहिलेल्या बोटॉक्स गटात २७ टक्के आणि गोळ्यांच्या गटात १३ टक्के होत्या. त्याची किंमत म्हणजे लघवीचा संसर्ग जास्त, आणि काहीजणींना काही काळ नळीने लघवी काढावी लागणं. घोट्याजवळच्या नसेला सुईतून हलका विद्युतप्रवाह देण्याचा उपचारही आहे, आठवड्यातून एकदा अर्धा तास, बारा आठवडे. त्याचे दुष्परिणाम फार कमी.

पाचवी पायरी: कुंथणं थांबवा

पोट साफ होण्याचा आणि तळाच्या स्नायूंचा संबंध किती जवळचा, हे सांगायला कुणी बसत नाही. रोज कुंथणं म्हणजे झोळीवर रोज घाव. कमोडवर बसत असाल तर पायांखाली छोटा स्टूल घ्या, गुडघे कमरेच्या वर, कोपरं मांडीवर, पोट सैल. जोर लावायचा तर श्वास रोखून नव्हे, तोंडाने हळू फुंकर घालत. चोथायुक्त आहार हळूहळू वाढवा.

शौच निसटत असेल तर पहिला उपाय स्नायूंवर नाही, मळावर: पातळ मळ धरणं कुठल्याही स्नायूला कठीण. ईसबगोलाने मळ बांधला जातो. जुलाबाकडे कल असेल तर लोपेरामाइड ही जुलाब थांबवणारी गोळी, डॉक्टरांच्या सल्ल्याने. ते पुरलं नाही तर माकडहाडाजवळच्या नसेला उत्तेजन देणारं छोटं यंत्र बसवता येतं. हे दुखणं सगळ्यात जास्त लपवलं जातं, आणि तेच सर्वांआधी सांगायला हवं.

वजनाबद्दल एकच सांगते, दोष देण्यासाठी नाही. २००९ मधल्या ३३८ स्त्रियांच्या चाचणीत वजन सरासरी ८ टक्के उतरल्यावर आठवड्यातल्या गळतीच्या वेळा ४७ टक्क्यांनी घटल्या. तुलनेच्या गटात ही घट २८ टक्के होती. म्हणजे ऐंशी किलोच्या स्त्रीला साठ व्हायची गरज नाही, सहा-सात किलोंनीही फरक पडतो.

सहावी पायरी: पेसरी

अंग खाली आलं की थेट शस्त्रक्रिया, हा समज सोडा. उतरलेला भाग योनीच्या तोंडापर्यंत आल्याशिवाय बहुतेकींना जाणवतही नाही. जाणवत नसेल, लघवी नीट होत असेल, तर काहीही न करणं हाही योग्य पर्याय.

पेसरी म्हणजे योनीत बसवायची सिलिकॉनची चकती किंवा कडी, आतून आधार देणारी. माप अंदाजानेच निघतं, त्यामुळे पहिलीच बसेल असं नाही. बसवल्यावर तिथेच चाला, खोका, उकिडवं बसा, लघवी करून बघा. ती बसलीय हे कळता कामा नये. कडीच्या प्रकारात संभोग करता येतो. काढायला-घालायला स्वतः शिका, पाणी आणि साध्या साबणाने धुवा. ब्रिटनमध्ये ३४० स्त्रियांवरच्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत स्वतः काळजी घेणाऱ्यांचं जीवनमान दवाखान्यात जाणाऱ्यांइतकंच राहिलं आणि गुंतागुंत उलट कमी झाली. पाळी गेली असेल तर योनीत लावायचं इस्ट्रोजेन मलम विचारून घ्या. दुर्गंधी किंवा रक्त आलं तर दाखवा.

शस्त्रक्रियेशी तुलना करायची तर नेदरलँड्समधली २०२२ ची चाचणी पाहा: ४४० स्त्रिया, दोन वर्षांनी पेसरी गटातल्या ७६ टक्के आणि शस्त्रक्रिया गटातल्या ८१ टक्के स्त्रियांना बरं वाटत होतं. पण पेसरीने सुरुवात केलेल्यांपैकी निम्म्याहून थोड्या जास्त स्त्रियांनी या दोन वर्षांत शेवटी शस्त्रक्रिया करून घेतली. पेसरी अपयशी ठरली असं मी म्हणणार नाही. तिने आधी पारखून बघायची सवड दिली.

सातवी पायरी: शस्त्रक्रियेआधीचे प्रश्न

अंग खाली येण्यासाठी स्वतःच्या ऊतींनी भिंत शिवणं, योनीचा वरचा भाग आतल्या बंधाला टाचणं, पोटातून कृत्रिम धाग्यांच्या जाळीने माकडहाडाजवळच्या हाडाला बांधणं असे मार्ग आहेत. गर्भाशय काढलंच पाहिजे असं नाही. नेदरलँड्समध्येच झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत गर्भाशय ठेवूनच्या दोन पद्धती ताडून पाहिल्या. गर्भाशयाचं लांबलेलं तोंड कापून बंध आवळण्याची जुनी मँचेस्टर पद्धत दोन वर्षांनी ८७ टक्के यशस्वी, गर्भाशय बंधाला टाचण्याची पद्धत ७७ टक्के.

जाळीची गोष्ट नीट समजून घ्या. योनीतून बसवायच्या जाळीमुळे अनेक स्त्रियांना जाळी बाहेर येणं, न थांबणारं दुखणं, संभोग अशक्य होणं असे त्रास झाले. अमेरिकेच्या एफडीए या औषध आणि उपकरण नियामक संस्थेने २००८ आणि २०११ मध्ये इशारे दिले आणि एप्रिल २०१९ मध्ये अंग खाली येण्यासाठी योनीतून बसवायच्या जाळ्यांची विक्री बंद करायला लावली. ब्रिटनमध्ये २०१८ मध्ये वापर थांबवला गेला आणि २०२० च्या चौकशी अहवालाने या स्त्रियांचं ऐकलंच गेलं नव्हतं, हे स्पष्ट लिहिलं. लघवी निसटू नये म्हणून मूत्रमार्गाखाली बसवायची जाळीची बारीक पट्टी आणि पोटातून बसवलेली जाळी या वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेतला तो आदेश त्यांना लागू नव्हता, ब्रिटनमधल्या बंदीत मात्र लघवीची पट्टीही आली होती. योनीच्या ‘कायाकल्पा’च्या लेझरबद्दलही एफडीएने २०१८ मध्ये सावध केलं आहे.

म्हणून हो म्हणण्याआधी सर्जनना विचारा. ही शस्त्रक्रिया तुम्ही वर्षाला किती करता? जाळी वापरणार का, कोणती, आणि ती न वापरता काय करता येईल? पुन्हा खाली यायची शक्यता किती? आज जी लघवी निसटत नाही ती नंतर निसटू लागेल का? हा शेवटचा प्रश्न विसरू नका, कारण उतरलेला भाग कधीकधी मूत्रमार्ग दाबून गळती झाकत असतो. आणखी मूल हवं असेल तर सहसा शस्त्रक्रिया त्यानंतर करतात, तोवर पेसरी आणि व्यायाम.

जाळी किंवा पट्टी बसवली तर तिचं नाव, क्रमांक आणि तारीख लिहिलेला कागद मागून घ्या आणि कायम जपा. योनीतून रक्त, चिकट स्राव, मांडीत किंवा जांघेत कळ, जोडीदाराला टोचणं, वारंवार लघवीचा संसर्ग, यांतलं काही पाच वर्षांनी सुरू झालं तरी तो कागद घेऊन जा आणि जाळी बसवली असल्याचं पहिल्याच वाक्यात सांगा.